माय दाराबाहेर

माझ्या मायला दोन आवाज होते. एक घरचा. तो फटकळ, कोरडा, सकाळी डोळा उघडायच्या आत कानावर आदळणारा. "कमे, उठ वं, म्हैस वरडी राह्यनी, तुले ऐकू येस का नही?" दुसरा आवाज मी कायम दाराआडूनच ऐकला. तो बाळंतिणींसाठी राखलेला होता. "मन्ही बाय ती, मन्ही सोनी. आते थोडंसंच ऱ्हायनं. मी शे ना आठे." हे असं मऊ बोलणारी बाई आणि भाकर करपली म्हणून माझ्या पाठीत धपाटा घालणारी बाई एकच आहे, यावर माझा विश्वास बसायचा नाही. गावातली कुठलीही बाई असो, अगदी बांधावरून आमच्याशी हमरीतुमरीवर येणारी असली, तरी कळा सुरू झाल्या की तिला तो आवाज मिळायचा. मला मात्र कधी नाही. मी तिच्या पोटची होते ना. घरची म्हणते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा, अशी आमच्या घरची तऱ्हा.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की आत वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावरचं. माय तिथली सुईण. सगळे तिला जनाअक्का म्हणत. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून, पिठाचे हात लुगड्याला पुसत ती निघायची आणि मला सोबत घ्यायची, पण उंबऱ्यापर्यंतच. जिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं नाही तिने बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, असा तिचा नियम. तिला शिकवणाऱ्या म्हातारीने घालून दिलेला, आणि माय तो काडीइतकाही वाकवत नसे. माझी कामं बाहेरची. पाणी तापवायचं, जुन्या कापडाचे धडपे उकळायचे आणि गाठी सोडायच्या. हे शेवटचं काम आता कुणाला सांगितलं तर हसतात. बाई अडली की त्या घरात जे बंद असेल ते उघडायचं आणि बांधलेलं असेल ते सोडायचं, अशी आमच्याकडची समजूत होती. डब्यांची झाकणं काढायची, पेटीचं कुलूप उघडायचं, पोत्याची सुतळी सोडायची, वळणीची दोरीसुद्धा सोडून ठेवायची. घर मोकळं झालं की बाई मोकळी होते म्हणत. लोकांच्या घरात शिरून त्यांच्या तिखटामिठाची झाकणं काढत मी फिरायची. पारोळ्याच्या एका मारवाडी शेठकडे तर सासूने माझ्यादेखत दागिन्यांची पेटी उघडून ठेवली आणि मग त्या पेटीवरच नजर ठेवून बसली, सुनेकडे बघायला तिला सवड झाली नाही. मायचा स्वतःचा यावर तिळभर विश्वास नव्हता. ती घरी येऊन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायची, "लोकेस्ना हातले काम ऱ्हायनं म्हंजे त्या बोंबलतस नही. गाठी सोडीसन काय व्हस?"

मग आमच्याकडे सुमनवहिनी आली. दादा दीपनगरला वीजकेंद्रात लागला होता, पण राहायला क्वार्टर मिळाली नव्हती, म्हणून लग्न झाल्यावर ती आमच्याचकडे राहिली. चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. उंच, हाडापेराने मजबूत, कमी बोलणारी. माझ्याशी ती वाईट वागली असं म्हणायला मला एक दिवसही सापडत नाही, आणि याचाच मला जास्त राग यायचा. वाईट वागली असती तर भांडता तरी आलं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला आई नव्हती, म्हणून ते आमच्याच घरी झालं. माझ्याच घरात, माझ्याच झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चुलीवर पाण्याचं भगुनं ठेवून बसले होते, आणि आतून मायचा तो आवाज. मन्ही बाय. मन्ही सोनी. मी आमच्याच डब्यांची झाकणं काढली. शेवयांच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं होतं, ते काही मी काढलं नाही. तसंच राहू दिलं. तरी वहिनीला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत, आणि माय बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका निवांत होता.

सव्वा महिना उलटला आणि मायने वहिनीला बाळंतपणांना न्यायला सुरुवात केली. मी भगुन्यापाशी आणि ती, काल आलेली, उंबरा ओलांडून आत. दार लागायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी परतल्यावर दोघी चुलीपुढे बसायच्या. वहिनी कळण्याची भाकर थापायची, माय तव्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा रगडायची, आणि हलक्या आवाजात त्यांचं चालायचं. बाळ आडवं कसं होतं, वार पडायला वेळ का लागला, त्या बाईच्या पायाला आधीपासून सूज होती हे ध्यानात यायला हवं होतं. मी आत आले की बोलणं बंद. तव्यावर वरवंट्याचा आवाज तेवढा राहायचा. मी मुद्दाम पाणी प्यायला जायची, माठापाशी उभी राहून एक पेला पाणी पुरवून पुरवून प्यायची. शेवटी माय म्हणायची, "पाणी पेस का नदी पेस? जाय, म्हैसले चारा टाक." म्हैस कायम माझ्या वाट्याला. एकदा मी सरळ विचारलं, मला कधी शिकवशील. ती म्हणाली, "तुन्हं व्हई तवय." तुझं होईल तेव्हा. म्हणजे लग्न होऊन, मूल होऊन, परक्या गावी गेल्यावर. तोवर वहिनीने सगळं उचललेलं असणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी आबांना म्हटलंही होतं. आबा बिचारे ओट्यावर बसून बिडी ओढत होते. ते म्हणाले, "नागोबा कसाले म्हनस वं, गरीब शे ती." गरीब ती, आणि मी काय सावकार होते की काय?

मी हे जळगावच्या फ्लॅटमध्ये, नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. धाकट्या सुनेचं बाळंतपण इथल्याच दवाखान्यात झालं, ऑपरेशनने, सगळं ठीक. घरी करा असं मी कुणालाही सांगणार नाही. अडलेली बाई बैलगाडीत घालून पारोळ्याला नेताना मी पाहिलेली आहे, आणि त्यांतल्या सगळ्याच परत आल्या नाहीत. तेव्हा मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. मला फक्त माझा हेवा लिहायचा आहे. तो चांगला धष्टपुष्ट होता आणि त्याने मला बरीच वर्षं सोबत केली.

माझं लग्न सोनगीरला झालं. हायवेवर नवऱ्याचं टायरचं दुकान, त्यामागे घर, ट्रकच्या हॉर्नने भांडी हादरायची. पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आले. झोके बांधलेले, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, घरात खापरावर पुरणाचे मांडे चालले होते. मला मांड्याच्या वासाने मळमळलं. मी काही बोलले नाही, पण दाईपासून पोट लपत नाही. मायने खापरावरची नजर काढली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि मला वाटलं आता ती उठेल, मला आत नेईल, पोटावर हात ठेवेल. तिने काय करावं? वहिनीला म्हणाली, "सुमन, देख बरं हिले." आणि पुन्हा मांडा पसरायला लागली. वहिनीने मला आत नेलं, तपासलं, तिसरा लागला म्हणाली. मी तिच्याकडे न बघता छताच्या धाब्याकडे बघत पडून राहिले. मनात म्हटलं, थांब. आता काय ते थोडेच महिने. बाळंतपणाला मी इथेच येणार, आणि त्या खोलीत माय माझ्यापाशी बसणार, आणि तू बाहेर पाणी तापवशील.

सासूबाईंना हे मान्य नव्हतं. सोनगीरहून धुळं हाकेवर, तिथे मोठा दवाखाना, आणि ही बया खेड्यात कशाला जाते. त्यांचं चुकत नव्हतं. पण मी हटून बसले. जेवण सोडलं, रडले, नवऱ्याशी अबोला धरला, माझी आई सुईण असताना मी परक्याच्या हातात का जाऊ म्हणून घर डोक्यावर घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "जा बाई, तुझी माय तुला लखलाभ." सातव्यात मला आबा न्यायला आले.

पुढे कापूस वेचणीचे दिवस आले. घरात एका बाजूला कापसाचा ढीग, अंगणात कपाशीच्या काड्या, रोज संध्याकाळी वांगी भाजल्याचा वास. मायने मला भरीत खाऊ दिलं नाही, डाळ-भाकरीवर ठेवलं, चालायला लावलं, आणि माझ्याशी बोलली ती तेवढ्यापुरतीच. पोटाला हात लावायचा तो वहिनीच. मी म्हणायची, माय, तू बघ ना. ती म्हणायची, "तिनी देखं ना? मंग मी कसाले देखू?" मला वाटलं, वेळ आली की येईल. सगळ्यांच्या वेळेला येते, माझ्या वेळेला येणार नाही काय.

वेळ आली ती सकाळी, चहा झाल्यावर. आबा शेतावर निघून गेले होते. मी अंगणातच ओट्याला धरून बसले. मायने बघितलं आणि तिच्या तोंडचा रंग उतरला. ती भराभर कामाला लागली, बाज सरकवली, धडपे काढले, दोरा उकळायला टाकला. मला आत झोपवलं. माझ्या डोक्यावरून तिचा हात फिरला, केसांची वेणी तिनेच सोडली. मी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं मी जे मागितलं होतं ते आता सुरू होणार होतं. आणि मग ती म्हणाली, "सुमन, तू बठ हिनापा. मी भायेर शे."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी तिच्या पदराला धरलं. माय, तू कुठे चाललीस? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोटनी आंडेरले सुईननी हात लावू नही. मी लावाव नही." पोटच्या लेकीला सुईणीने हात लावायचा नाही, हे मी जन्मात कधी ऐकलेलं नव्हतं. ऐकणार कुठून? त्या गोष्टी चुलीपुढे व्हायच्या आणि मी गेले की थांबायच्या. वहिनीला ते ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. मी ओरडले, शिव्या दिल्या, म्हटलं मग मी इथे कशाला आले, धुळ्याला गेले असते. मायने पदर सोडवून घेतला, एकेक बोट सोडवत, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. सगळ्या गावाच्या बायांपाशी ती बसली होती. बांधावरून भांडणारीपाशी बसली होती. सुमनपाशी दिवसभर बसली होती.

वहिनीने मला मन्ही सोनी वगैरे काही म्हटलं नाही. तिचा स्वभावच तो नव्हता. "दम ली. आते नको लावू जोर. आते लाव." एवढंच. हात मात्र तिचे जाणते होते, ते मी शत्रू असूनही सांगते. मी तिच्या दंडाला नखं रुतवली, मुद्दाम रुतवली, तिने हात काढला नाही. कळ ओसरली की मला बाहेरचं ऐकू यायचं. डब्यांची झाकणं निघत होती. पितळी डबा, पत्र्याचा डबा, मग शेवयांचा तो घट्ट झाकणाचा, तो कुणीतरी जमिनीवर आपटून उघडला. पेटीची कडी वाजली. शेजारच्या बाया आल्या असाव्यात. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम गलका. म्हैस सुटनी, म्हैस सुटनी, धरा वं. पळापळ, आणि त्यात मायचा आवाज, घरचा, कोरडा आवाज, अंगणातून गल्लीत, गल्लीतून लांब लांब जाणारा. मी कान देऊन ऐकत राहिले. तो परत येईना. मी इथे मरते आहे आणि माझी आई म्हशीच्या मागे धावते आहे. माझ्यापेक्षा तिला म्हैस जास्त. त्या संतापाने मी जो जोर लावला, तो वहिनीच्या दहा वेळा सांगण्याने लागला नसता. मुलगी झाली. लगेच रडली. वहिनीने दोरा बांधला, नाळ कापली, पुसून माझ्या छातीवर ठेवली. तिच्या दंडावरून रक्ताचा ओघळ आला होता, तो तिने बाळाचं सगळं झाल्यावर पुसला.

माय त्यानंतर आत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याला कापसाची बोंडं आणि कुसळं चिकटलेली, केस सुटलेले. तिने बाळाकडे बघितलं, नाळेचा दोरा तपासला, वार पूर्ण पडली का ते वहिनीला विचारलं. मग मला म्हणाली, "बरं शे ना?" मी भिंतीकडे तोंड केलं.

पुढचे दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती डिंकाचे लाडू वळायची, शेपूची भाजी करायची, बाजरीच्या भाकरीवर तूप ओतून ताट माझ्यापुढे सरकवायची. मी खायची, कारण भूक लागायची, पण ताटाकडे बघून खायची. पाचवी झाली, सटवाईची पूजा झाली, गावच्या बाया येऊन बघून गेल्या, जनाअक्काची नात म्हणून कौतुक केलं. माय बाहेरच्या ओट्यावर बसून कापूस निवडायची आणि मी आत. आमच्यामध्ये तेच दार, फक्त आता उघडं होतं. मनात मी सोनगीरला गेल्यावर पुन्हा आखाजीला यायचंच नाही, असं ठरवून टाकलं होतं. एक माहेर कमी झालं तर झालं.

असंच एका दुपारी वहिनी पाय लांब करून, पायांवर पोरीला घेऊन तेल लावत होती. पोर आळोखेपिळोखे देत होती. मला ते बघवेना. माझी मुलगीसुद्धा पहिल्यांदा हिच्याच हातात. मी म्हटलं, "तुझं बरं आहे वहिनी. तुझ्या वेळी माय दिवसभर खोलीतून हलली नाही. माझ्या वेळी म्हशीमागे गेली."

वहिनीने तेलाचा हात थांबवला नाही. म्हणाली, "म्हैस सुटनी नही. अक्कानी सोडी."

मी म्हटलं, काय?

मग तिने सांगितलं, तिच्या पद्धतीने, तुकड्या-तुकड्याने. सकाळी दोरा उकळायला टाकला तेव्हाच अक्काच्या हातातून चिमटा दोनदा पडला होता. झाकणं काढायला शेजारपाजारचं कुणी आलेलं नव्हतं, हे अक्कानेच मागाहून चुलीपुढे तिला सांगितलं होतं. अक्काच काढत फिरत होत्या. डबे झाले, पेटी झाली, पोत्यांच्या सुतळ्या सोडल्या, आबांच्या धोतरांच्या गाठोड्याची गाठ सोडली. आणि तरी माझं ओरडणं थांबेना, तेव्हा गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं सोडलं. गाठी सोडीसन काय व्हस म्हणणारी बाई. म्हैस सरळ चालत दुसऱ्याच्या कापसात गेली, आणि तो शेतकरी बोंबलत आला, तेव्हा कुठे अक्काला कळलं की आपण काय केलं. म्हैस धरून आणायला गेल्या तर रस्त्यात बसून रडल्या, असं म्हशीला हाकलत आणणाऱ्या बायांनी वहिनीला सांगितलं होतं.

बाहेर ओट्यावर सरकी टपकल्याचा आवाज येत होता.

वहिनीने पोरीला पालथं घातलं आणि पाठीला तेल लावायला घेतलं. तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, "मन्हा येळले तेस्ना हात इतलासा बी हालना नही." पोरीची पाठ चोळत पुन्हा म्हणाली, "सून शे ना मी."

आज वहिनी सत्तरी ओलांडून बसली आहे. मायच्या मागे तिनेच गावची बाळंतपणं केली, जोवर दवाखान्याची गाडी दारापर्यंत यायला लागली नव्हती तोवर. मायचं शेवटचं दुखणंही तिनेच काढलं, मी नाही. आता फोन करते तेव्हा मी तिचं औषधपाणी विचारते आणि ती माझ्या गुडघ्यांचं विचारते. त्या दुपारी मी तिच्याजवळ सरकायला हवं होतं, तिला आई नव्हती, इतक्या वर्षांत तिने तोंड उघडून मागितलं असेल तर ते एवढंच. लिहायला बसलं की शहाणपण सुचतं. पण मी तेव्हा कोवळी होते, आणि इतकी वर्षं जळून जळून मला पहिल्यांदाच कुणीतरी माझा हेवा करणारं भेटलं होतं. खोटं कशाला बोलू, मला वहिनीची दया आली नाही. मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना.

मी बाजेवरूनच हाक मारली, "माय."

"काय वं?" ओट्यावरून आलं. "काय पाहिजे आते तुले?"

"काही नाही," मी म्हटलं.

काही नकोच होतं. वहिनी समोर बसली होती, तिला ऐकू जावं म्हणून मारली होती हाक.